सुपात वाळवलेल्या गोळ्या

सासऱ्यांच्या छातीच्या गोळ्या मी उन्हात वाळवल्या होत्या. मोहफुलांसोबत, एकाच सुपात! हसा खुशाल. अंगात येणं, बाहेरची बाधा... यातलं काही मी तेव्हाही मानत नव्हते, आजही नाही. तरी हे लिहितेय.

परवा डॉक्टर माझ्या लेकाला समजावत होते – त्याच्या बायपासनंतर नळ्या पुन्हा तुंबल्यात. औषधं वाढवू, स्टेंट टाकू, नाहीतर दुसरं ऑपरेशन. एवढे मार्ग! पन्नासच्या दशकात, नागभीडजवळच्या आमच्या खेड्यात मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, दोनच होते – आराम, आणि कळ आली की जिभेखाली बारीक गोळी. जीभ चुरचुरायची, डोकं ठणकायचं, कळ ओसरायची. नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती – बाटली घट्ट बंद ठेवा, ऊन लागू देऊ नका. ती वाचू शकणारी घरात एकटी मी, चौथी पास! पण गोळ्या मला दमट वाटल्या, आणि या शहाणीनं...

चार दिवसांनी सकाळी मोह वेचताना मामाजी छाती धरून झाडाखाली बसले. एक गोळी – काही नाही. दुसरी – काही नाही. ओठ काळेनिळे.

"पोरी, चुरचुरतच नाई वं. डॉक्टरनं खडू देल्ला काय?"

डॉक्टरवर ढकलून मोकळी झाले असते. पण रडतच सांगितलं, "मामाजी, मीनं वाळवल्या. मोहाच्या सुपात."

तेवढ्यात फुलांची टपटप थांबली. एका झाडाची नाही, सगळ्यांचीच.

मामाजी त्या कळेतही हसले. "मोहासंग? मंग त चढनच! दे आनखी एक."

तिसरी, त्याच बाटलीतली. थोड्या वेळानं त्यांनी छातीवरचा हात काढून डोक्याला लावला. "ठणकून राह्यलं वं!"

आणि फुलं पुन्हा पडू लागली.

पुढे डॉक्टरांनी उरलेली एक गोळी जिभेवर ठेवून पाहिली. म्हणाले, हिच्यात काही राहिलेलं नाही, कळ आपोआप गेली असेल. मग डोकं कशानं ठणकलं? फुलं का थांबली?

नवी बाटली घरी आली तेव्हा मी मान खाली घालून दाराआड उभी होते. मामाजींनी हाक मारून, सगळ्या घरादेखत ती माझ्या हातात ठेवली. म्हणाले,

"तू खरं सांगतं, म्हून माहा जीव तुह्याच हाती राहीन, बाई. सूप तेवढं माह्याजवळ दे."