धुतलेली गाय

माझे हात कोपरापर्यंत रक्तानं बरबटलेले होते आणि आबा गाय धूत होते. माझ्यासमोर. एक घागर, दुसरी घागर, तिसरी. शिंगांपासून शेपटीपर्यंत चोळून.

दुष्काळाचं वर्ष. आष्टीकडची ती चारा छावणी गावच्या सोसायटीनं चालवलेली आणि आबा सोसायटीचे चेअरमन. आमच्या बौद्धवस्तीला चार दिवसांआड टँकर यायचा. छावणीत पाणी फक्त पिण्यासाठी, असा आबांचाच नियम.

मी जनावरांच्या उपचाराची पदविका घेऊन आले होते. वस्तीतली पहिली. "डॉक्टरच्या हाताखाली लावतो," म्हणून आबांनी बोलावलं आणि हातात घमेलं दिलं. आई तिथं शेणच काढायची. मायलेकी एका दावणीला.

त्या दुपारी आबांची गाय अडली. डॉक्टर तालुक्याला गेलेले. वासराची मान आत मागं वळलेली. मी कुणाला न विचारता हाताला तेल लावलं, मान सरळ केली, वासरू ओढून काढलं. जिवंत. मला वाटलं, आता तरी घमेलं सुटेल. किती खुळी होते मी.

"काम लई चांगलं केलंस पोरी," आबा म्हणाले. "पण गाय घरच्या पूजेची हाय. राग मानू नको. पद्धत हाय आमची."

मग गाय धुतली. वासरूही धुतलं. मी हात धुवायला पाणी मागितलं.

"मातीनं पूस की," आबा म्हणाले.

मी मातीनं पुसले. आई बघत होती. तिनं मान खाली घातली आणि शेण भरायला लागली. आबांपेक्षा त्या खाली गेलेल्या मानेचा मला जास्त राग आला.

त्या गाईच्या चिकाचा खरवस छावणीभर वाटला. आम्हा दोघींना सोडून.

दुसऱ्या दिवशी मी घमेल्याला हात लावला नाही. "मी शिकले ते काम द्या," म्हणाले.

"मग घरी बस," आबा म्हणाले.

घरी बसले नाही. सायकलला औषधांची पिशवी अडकवली आणि वाड्यावस्त्यांवर फिरू लागले. कुणी दार लावलं, कुणी हसलं, कुणी शेळी दाखवली. आईनं बोलणं टाकलं.

महिनाभरानं आबांचा गडी आला. म्हैस अडलेली, डॉक्टर मिळत नाहीत. "मागच्या अंगानं ये. कुणाला कळू देऊ नको, म्हनलेत."

"समोरून येईन," मी म्हणाले. "आणि मी हात लावल्यावर जनावर धुनार न्हाई, असं आबांनी इथं येऊन सांगावं."

गडी गेला. मी पिशवी तयार ठेवून उंबऱ्यात बसले. आबांच्या घरापासून आमच्या घरापर्यंत दहा मिनिटांची वाट. आबा आले नाहीत. दिवस मावळायच्या आत म्हैस मेली, पोटातल्या रेडकासकट.

आई तेव्हा बोलली. "मुकं जनावर मेलं गं तुझ्यामुळं."

मी रडले. म्हशीसाठी रडले, खोटं कशाला सांगू. तिचा काही गुन्हा नव्हता. पण मी पिशवी उचलली नाही याचा पस्तावा मला नाही. उद्या आबांचं दुसरं जनावर अडलं, हंबरून हंबरून मेलं, तरी मालक स्वतः माझ्या दारात येऊन तसं बोलेपर्यंत मी उंबरा ओलांडणार नाही.