चिमट्याचं बाळ

माझ्या पहिल्या मुलाचं बारसं झालंच नाही. चिमटा लावून काढला आणि तिसऱ्या दिवशी गेला. मग नातेवाइकांनी आपल्या सोयीनं त्याला 'चिमट्याचा' करून टाकलं. येवल्याच्या माझ्या सासूबाई तर जन्मभर त्या चिमट्याला शिव्या देत होत्या. मीही देत होते. कुणावर तरी राग काढायला नको?

त्यानंतर झालेली माझी लेक हेच ऐकत वाढली. यंदा बाळंतपणाला नाशिकला माहेरी आली, तेव्हा पहिल्याच तपासणीत तिनं डॉक्टरीणबाईंना बजावलं, काही झालं तरी चिमटा नको. बाई वयानं लेकीएवढ्याच. त्यांनी शांतपणे समजावलं. व्हॅक्यूमची वाटी बाळाच्या डोक्याला चिकटवून ओढतात, त्यात आईला इजा कमी होते, पण वाटी कधीकधी निसटते. चिमट्यानं आईला टाके जास्त पडू शकतात, पण पकड पक्की. बाळ गुदमरायला लागलं तर तो लवकर सोडवतो. वाटीची सूज काय आणि चिमट्याचे वळ काय, बहुतेक वेळा चार दिवसांत जातात म्हणे.

मी शेजारीच बसून ऐकत होते. माझाही गुदमरलाच होता. चिमटा आणला त्याच्या कितीतरी आधी, ठोके मंद झालेत असं कुणीतरी म्हटलेलं मला लख्ख आठवतं. मग इतकी वर्षं आम्ही शिव्या घातल्या कुणाला? त्याला वाचवायला शेवटी जो आला, त्यालाच.

लेकीच्या वेळी भर दुपारी तेच झालं. डोकं अगदी खाली येऊन अडकलं. वाटी लावली, ती निसटली, आणि बाळाचे ठोके उतरायला लागले. आता सिझेरियनला वेळ नाही, चिमटा लावते, असं बाई म्हणाल्या. लेक नको नको करत माझ्याकडे बघायला लागली.

"लावू दे," मी म्हटलं. "त्याला उशिरा लावला होता गं."

नात रडली तेव्हा मीही भोकाड पसरलं. तिच्या दोन्ही गालांवर, कानांपुढे, लालसर वळ होते. हुबेहूब त्याच्यासारखे. पाचवी पुजली त्या दिवशी लेक म्हणाली, बघ, वळ गेलेसुद्धा. गेले होते खरे. त्याला तेवढे दिवसच मिळाले नाहीत, वळांसकटच नेला त्याला.

मी नातीला तीट लावत होते. लेकीनं हळूच विचारलं, "आई, दादाचं नाव काय ठेवणार होतीस?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. आमच्या ह्यांनीही नाही. ते आठवड्याच्या आत अंबडच्या कारखान्यात शिफ्टला गेले आणि त्यावर कधी बोललेच नाहीत. मी नाव सांगितलं. मनात रोज घेतलेलं, पण तोंडानं पहिल्यांदाच. मधेच आवाज गेला, म्हणून तिनं परत विचारलं, आणि मी परत सांगितलं.