एक ते चार बंद

"दीदी, चाळीस पानं म्हणालात ना? मग सर्चमध्ये तीनच कशी येतात?"

तीन आठवड्यांतला निमाईबाबूंचा हा सहावा फोन. कोलकात्यात बेहालाला त्यांचा छोटा कारखाना आहे. तिथे दुर्गेच्या मूर्तीसाठी शोलाचे दागिने बनतात. शोला म्हणजे एका पाणवनस्पतीचा पांढराशुभ्र, हलका गाभा. त्यांचा नेहमीचा घाऊक व्यापारी यंदा फिरला होता. आता भिस्त परदेशातल्या पूजा मंडळांवर. त्यांच्या ऑर्डरी आषाढातल्या रथयात्रेच्या सुमारास ठरतात. तोवर कारखान्याची साइट कुणाला सापडली नाही, तर तिथले पाचही कारागीर दुसरं काम धरणार होते.

मी तिथल्याच न्यू टाउनच्या एका ऑफिसात एसईओ करते, म्हणजे साइट सर्चमध्ये नीट दिसतील असं बघते. सर्च इंजिनचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, आधी पानावर येतो. त्याला क्रॉल म्हणतात. वाचलेलं पान तो आपल्या यादीत घेतो, ते इंडेक्स. यादीत नाही ते पान सर्चमध्ये नाही.

मला काळजी नव्हती. बारा वर्षं हेच करतेय. साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांचा नकाशा, सर्च इंजिनला दिला होता. रोज सकाळी अकराला मी बेहालाची साइट उघडायचे, बॉटला आत्ता पान दिसतं का ते पाहणारी लाइव्ह टेस्ट चालवायचे, सगळं हिरवं. रिपोर्टमध्ये मात्र एकच शेरा: पानं एकसारखी आहेत, म्हणून घेतली नाहीत.

"एकसारखी कशी?" माझे बॉस दीपांजनदा म्हणाले. "मुकुट वेगळा, कानातला कानपाशा वेगळा."

"वर्णनं सारखी वाटत असतील. पुन्हा लिहिते."

चार दिवस घालवून सदतीस वर्णनं नव्याने लिहिली. शेरा हलला नाही. आता मात्र मला माझाच राग आला. तेव्हा कुठे मी बॉटने साठवलेली प्रत उघडली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

मुकुटाच्या पानावर मुकुट नव्हता. एकच ओळ होती: 'दोकान बंध. दुपारी एक ते चार आणि रात्री आठ ते सकाळी दहा.' पुढचं पान, तीच ओळ. त्याच्या पुढचं, तीच.

मी साइट बनवणाऱ्या डेव्हलपरला फोन लावला. "हो, दुकान बंद असेल तेव्हा साइटवर ही पाटी लावायला निमाईबाबूंनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम. तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं."

बॉटला भातघूम नाही. भातघूम म्हणजे आपली वामकुक्षी. तो वाटेल तेव्हा यायचा आणि बहुतेक वेळा पाटीच वाचून जायचा. तीन पानांवर तेवढा वेळेत पोचला होता. मी मात्र रोज अकराला, दुकान उघडं असतानाच पाहत होते.

निमाईबाबूंना विचारलं, तर त्यांचा आवाज चढला. "दार उघडं आणि आत माणूस नाही? खरेदीदाराचा अपमान आहे तो! माझ्या वडिलांनी असं कधी केलं नाही."

मी सदाशिव पेठेत वाढलेली. एक ते चार बंदची पाटी ही खरं तर माझ्या माहेरची वस्तू!

"दार उघडं ठेवू," मी म्हणाले. "आत चिठ्ठी ठेवू: आत्ता विश्रांती, चारनंतर उत्तर देऊ. चालेल?"

ते म्हणाले, "चिठ्ठीत 'नमस्कार' घाला."

घातला. पाटी त्याच दिवशी उतरवली, पानं पुन्हा तपासणीला पाठवली. दहा दिवसांत चाळीसच्या चाळीस इंडेक्स झाली. रथयात्रेच्या दोन दिवस आधी परदेशातल्या एका मंडळाने देवीचा पूर्ण साज मागवला. पाचही कारागीर राहिले.

तेव्हापासून नवीन क्लायंट आला की मी पासवर्डच्या आधी विचारते, दुकान बंद कधी असतं? आणि तपासणी नेमकी त्याच वेळी करते.

त्या मंडळाचा मेल दुपारी अडीचला आला होता. निमाईबाबू झोपले होते. उत्तर त्यांनी चार वाजता दिलं.