अळणी डबा

“कागद बघून सांगतो.”

संध्याकाळी शेवउसळ खायला येता का, डोकं दुखतंय तर माझ्याकडची गोळी देऊ का, काहीही विचारा, भाऊंचं उत्तर हेच. मग शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा कागद निघे आणि वाचला जाई. मराठी माणूस म्हणून बडोद्याला मकरपुऱ्याच्या आमच्या कारखान्यातली गुजराती मंडळी त्यांना ‘भाऊ’ म्हणत. त्यांचं ऐकून मीही. निवृत्त होऊन ते जवळच्या पादरा गावी गेले त्याला आता दोन वर्षं झाली.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा कागदवाला असेल. त्याला हसू नका. मी हसलो होतो.

कागदावर सात गोळ्या होत्या. तीन मनाच्या डॉक्टरांच्या, चार रक्तदाब आणि किडनीवाल्यांच्या. मन कधी भलतंच वर उडतं, कधी पार तळाला जातं, हा आजार भाऊंना तिशीपासूनचा, आणि सर्दी झाली म्हणून सांगावं तसा ते तो सांगत. रक्तदाब आणि अधू किडनी मागाहून आली.

“डॉक्टर दोघंही उत्तम,” ते म्हणत, “पण एकमेकांना ओळखत नाहीत. मधला टपालवाला मी.”

एकाने गोळी बदलली की दुसऱ्याला दाखवून यायचं आणि मगच कागद नव्याने लिहायचा. आम्ही ड्रॉइंग विभागातले, त्यामुळे कोपऱ्यात रिव्हिजन नंबर, म्हणजे कितव्यांदा बदललं ते. जुना कागद तिथल्या तिथे फाडून टाकत. “जुनं ड्रॉइंग शॉपमध्ये मशीनवर राहिलं की जॉब वाया जातो. इथे जॉब मी आहे.”

शेजारच्या टेबलावरचे रमेशभाई विचारत, “भाऊ, नवी रिव्हिजन आवी के?”

“आवी. एकवीस.”

एकविसाव्या रिव्हिजनची एक प्रत त्यांनी मला दिली. “असू द्या तुमच्याकडे. मी बोलायच्या स्थितीत नसलो तर.” मी गंभीर चेहऱ्याने ती घेतली आणि तितक्याच गंभीरपणे ड्रॉवरमध्ये टाकली. वाचली नाही.

त्या मे महिन्यात त्यांची बहीण लेकीच्या बाळंतपणासाठी पादऱ्याला गेली. घरात ही दोघंच भावंडं. डबा आमच्याकडून, असं मी जाहीर केलं. आमच्या घरातलं आरोग्यखातं माझ्याकडे आहे, म्हणजे फोनवर आलेलं मी मोठ्याने वाचून दाखवतो. बायकोला सांगितलं, “रक्तदाबाचा माणूस आहे. डब्यात मीठ अजिबात नको.”

“अळणी? अहो, त्यांना विचारलंत का?”

“विचारायचं काय त्यात? त्यांच्या भल्याचंच आहे.”

बिचारीने चव यावी म्हणून आमटीत गूळ वाढवला, भाजीवर लिंबू पिळलं. दोन वेळचा डबा जायचा. भाऊ तो चाटूनपुसून, धुऊन परत देत. “छान होतं.” बस, एवढंच. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

बाराव्या दिवशी माउसवरचा त्यांचा हात थरथरायला लागला. त्यांच्या हाताला थोडा कंप असायचाच, पण हे वेगळं होतं. दोनदा उलटी झाली. उठले तर पाय धरेनात, आणि जीभ जड झाली. “काहीतरी… चुकतंय,” एवढंच मला कळलं.

रमेशभाईंनी गाडी काढली. मागच्या सीटवर भाऊंचं डोकं माझ्या खांद्यावर, माझ्या हातात निघताना ड्रॉवरमधून उचललेली प्रत. ती मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. शेवटी लाल शाईत अधोरेखित केलेलं होतं: ‘मीठ नेहमीइतकंच. एकदम कमी केल्यास लिथियम (मनाची गोळी) रक्तात साचतं. दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवलं आहे.’

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंच्या हातात कागद दिला आणि म्हणालो, “मॅडम, मीठ मी काढलं. यांचा काही दोष नाही.” मला वाटलं, त्या ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, “किती दिवस?” आणि सलाइन लावायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी भाऊ नीट बोलायला लागले. बायको डोळे पुसत म्हणाली, “भाऊ, अहो, एकदा तरी बोलायचंत! बेचव जेवत राहिलात?”

“वहिनी, गोडच लागत होतं की. मला वाटलं, तुमचा हात आता पुरता गुजराती झाला.”

ती रडता रडता हसली. भाऊ मात्र हसले नाहीत. किडनीच्या डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं: किडनीला धक्का बसलाय, लिथियम कायमचं बंद करावं असं माझं मत आहे.

“अठरा वर्षं त्या गोळीवर उभा आहे मी,” ते हळूच मला म्हणाले. “त्याआधीचा मी तुम्ही पाहिलेला नाही. ताईने पाहिलाय.”



दुसऱ्या दिवशी अलकापुरीतले मनाचे डॉक्टर स्वतः आले. दोन्ही डॉक्टर पहिल्यांदाच एका खाटेपाशी उभे राहिले आणि भाऊंच्या अंगावरून एकमेकांशी बोलू लागले. रक्तातलं प्रमाण, किडनीचे आकडे, पर्यायी औषध, त्याचे धोके. भाऊ एकदा याच्या तोंडाकडे बघत, एकदा त्याच्या. मध्येच म्हणाले, “चालू द्या. मी आहे इथेच.”

शेवटी मनाचे डॉक्टर वाकून म्हणाले, “डोस कमी करतोय. दर आठवड्याला रक्त तपासायचं.”

“म्हणजे गोळी राहतेय?”

“सध्या राहतेय.”

भाऊंनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मी त्यांच्या पायावरची चादर काढून घडी घातली, मग उलगडून पुन्हा पायावर घातली, मग परत काढली.

“अहो,” डबा घेऊन आलेली बायको म्हणाली, “राहू द्या ना ती चादर.”