बाबांच्या नाण्यांच्या चिठ्ठ्या

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. बाबांची नाणी लिलावाला निघाली ती माझ्यामुळे. पाठवली त्यांच्या मुलाने हे खरं, पण मी तोंड उघडलं नसतं तर ती अशी गेली नसती. नवरा म्हणतो, "तू नाही तर दुसऱ्या कोणीतरी वाचून दिलं असतं." डोंबल! कुवेतमध्ये मोडी वाचणारी दुसरी बाई शोधून दाखव म्हणावं.

बाबा म्हणजे माझे वडील नव्हेत. इकडे घरातली कामाची माणसं म्हाताऱ्या मालकांना बाबाच म्हणतात. स्वयंपाकी म्हणतो, ड्रायव्हर म्हणतो, मग मीही म्हणायला लागले. पहिले काही महिने जीभ अडखळायची, नंतर इतकी सवय झाली की नाशिकला वडिलांना फोन केला की क्षणभर दोघांचे चेहरे एकत्र यायचे. फहाहीलला समुद्राच्या अंगाला त्यांचं घर. लहानपणी वडिलांच्या खजुराच्या व्यापारापायी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी अगदी बंबैया. व्याकरणाचा पार चुथडा, पण बोलायला लागले की थांबायचं नाव नाही.

मी इतिहासात एम. ए. केलं, नाणकशास्त्र घेऊन. मोडीची परीक्षाही दिली होती. मग लग्न होऊन कुवेतला आले आणि महबूल्याच्या फ्लॅटमध्ये त्या पदवीचं सर्टिफिकेट कपाटात, साड्यांच्या खाली जाऊन बसलं. नवरा इंजिनियर. अहमदीतल्या तेलाच्या कामांची कंत्राटं घेणारी एक कंपनी आहे, तिथे. ती कंपनी बाबांच्या मोठ्या मुलाची. एकदा कंपनीच्या जेवणात आमच्या ह्यांनी फुशारकी मारली, माझ्या बायकोला जुनी नाणी कळतात म्हणून. पुढच्या शनिवारी सकाळी दारात गाडी हजर. मी ह्यांच्यावर असली उखडले होते! ओळख ना पाळख, कोणाच्या घरी जाऊन बसू मी?

गेले मात्र. बाबांनी मखमलीचा पहिला ट्रे पुढे ओढला. त्यात व्हेनिसचं सोन्याचं डुकाट होतं, बोटाच्या पेराएवढं, आणि त्यावर उभी माणसं कोरलेली. मी भान विसरून ओरडलेच, "अगंबाई, ही तर पुतळी!" आपल्याकडे पुतळ्यांची माळ घालतात ना, ती याच नाण्यांवरून आली. ही नाणी समुद्रावरून इकडच्या बंदरांत आली, तिथून आपल्या किनाऱ्याला लागली आणि बायकांच्या गळ्यात जाऊन बसली. हे सगळं मी हातवारे करून सांगितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वयंपाक्याला हाक मारून माझ्यासाठी दुसरा चहा मागवला. त्या दिवसापासून नऊ वर्षं माझे शनिवार त्यांचे झाले.

सगळी नाणी युरोपातली. डुकाट, स्पेनचे चांदीचे जाडे तुकडे, ऑस्ट्रियाच्या राणीचे थालर. हे थालर तर या वाळवंटात पिढ्यान् पिढ्या चाललेले. बाबांनी ती बसऱ्यात, मुंबईत, लंडनमध्ये, जिथे जातील तिथे शोधून घेतली होती, आणि कुठलं कुठून घेतलं ते सगळं त्यांच्या डोक्यात. ते कागदावर उतरवायचं काम माझं. एकेका नाण्याची एकेक चिठ्ठी. पहिल्या दोन-चार मी इंग्रजीत लिहिल्या, तर त्यांनी मान हलवली. "बच्चे लोग पढ़ेगा. फिर रोज पूछेगा, बाबा, ये कितने का, वो कितने का." आणि मी शहाणी! मीच सुचवलं की मोडीत लिहिते. मोडी म्हणजे काय ते सांगितल्यावर म्हातारा खोकला लागेपर्यंत हसला. मला तर भारीच वाटलं. एवढ्या वर्षांत कोणी मला मोडी लिही म्हटलं नव्हतं.

पहिल्या ट्रेमध्ये, सगळ्यात वर ठेवायला, त्यांनी एक मोठी चिठ्ठी लिहून घेतली. "लिख," म्हणाले, "मैं जिंदा है तब तक एक भी सिक्का ये घर से बाहर नहीं जाएगा. मरने के बाद जो करना है करो." मी त्यांचं म्हणणं मराठीत केलं आणि चार ओळींत मोडीत लिहिलं. वळणदार लिहिलं होतं, मला आठवतंय.

मागच्या वर्षी त्यांना झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं हळूहळू परत आलं, पण आठवणींची पार चाळणी झाली. मुंबईतलं दुकान आठवतं, सकाळी काय खाल्लं ते नाही. मला ओळखतात. मी गेले की चहा मागवतात. पहिले काही शनिवार ट्रे मागत होते, मग एका शनिवारी एक नाणं हातात घेऊन मला विचारलं, "ये किसका है?" मी म्हटलं, तुमचंच आहे बाबा. त्यांनी ते परत माझ्या हातात दिलं, दुसऱ्याची वस्तू चुकून उचलल्यासारखं.

त्यानंतर महिन्याभरात मोठ्या मुलाने मला दिवाणखान्यात बोलावलं. समोरच्या टेबलावर सगळे ट्रे मांडलेले. माणूस वाईट नाही हो तो, उगाच कशाला खोटं बोलू. मला खुर्ची दिली, पाणी मागवलं, मुलीची चौकशी केली. मग म्हणाला, बाबांचे सगळे व्यवहार आता माझ्या सहीने चालतात. युरोपातल्या एका लिलावघराला हा संग्रह हवाय, पण प्रत्येक नाणं कुठून आलं ते कळल्याशिवाय ते हात लावणार नाहीत. मोबाइलचा कॅमेरा चिठ्ठ्यांवर धरून बघितला, मोबाइललाही काही कळेना. "ही कुठली भाषा आहे?" असं विचारून तो हसला.

मी विचारलं, "बाबांना विचारलंत?"

तो म्हणाला, "आज कोणता वार आहे हे त्यांना माहीत नाही. काय विचारू?" मग कागद चाळता चाळता सहज म्हणाला, की तुमच्या नवऱ्याच्या इकाम्याच्या नूतनीकरणाची फाइल टेबलावरच आहे, आज-उद्या सही करतो. ही धमकी होती की नुसती आठवण, हे मला अजून कळलेलं नाही. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. ह्यांचा गेला की आम्हा दोघींचाही गेला, आणि मुलगी बारावीत. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी वाचून देते.

आठवडाभर जीव टांगणीला. घरी बोलले तर हे म्हणाले, "अगं, त्यांचं घर, त्यांची नाणी. आपण कोण मध्ये पडणारे?" हे आमच्या ह्यांचं नेहमीचंच. मुलीने पुस्तकातून डोकंही वर न काढता सांगितलं, "आई, जस्ट टेल देम यू फरगॉट द स्क्रिप्ट." इतकं सोपं! माझ्याही मनात तेच होतं, म्हणून तिच्यावर जास्त चिडले.

शनिवारी मी ते करूनही बघितलं. लिलावघराची एक तरुण मुलगी व्हिडिओवर होती. पहिल्याच डुकाटाची चिठ्ठी हातात घेऊन मी म्हटलं, अक्षर पुसट झालंय, लागत नाही. ती गोड आवाजात म्हणाली, काही हरकत नाही, मग हे किरकोळच्या पिशवीत टाकू, वजनावर जाईल. वजनावर! बाबांनी बसऱ्याच्या सोनाराकडे तीन दिवस खेटे घालून मिळवलेली ती पुतळी वजनावर? म्हणजे मी गप्प बसले तरी ती घराबाहेर जाणारच होती, वर कचऱ्याच्या भावाने. मी म्हटलं, थांबा, आता लागलं. आणि वाचलं. मग दुसरी, तिसरी, सगळ्याच. दुपार होईपर्यंत मी वाचत होते आणि ती मुलगी टाइप करत होती. मधूनमधून ती म्हणायची, किती सुंदर नोंदी आहेत, आणि मेलं मला बरं वाटायचं. त्याची लाज मला आजही वाटते.

शेवटी मुलाने ती मोठी चिठ्ठी उचलली. "आणि ही? ही एवढी लांब कशाची?"

सांगायचं होतं ते एवढंच तर होतं. नाणी वाचवता येत नव्हती, पण निदान बापाचं म्हणणं मुलाच्या कानावर घालता येत होतं. कदाचित तो थांबला असता. कदाचित नसता थांबला, पण त्याला कळलं तर असतं. त्याच्या हाताखाली ह्यांच्या इकाम्याची निळी फाइल होती. उघडून दाखवा, आत सही झालीय की नाही, असं म्हणायची माझी काय टाप?

"नाणी घासू नयेत," मी म्हणाले. "ओल्या हाताने धरू नयेत. एवढंच आहे."

नऊ वर्षांच्या शेकडो चिठ्ठ्यांमध्ये मी खोटं वाचलं ते एकाच चिठ्ठीत, आणि तीच नेमकी खरी वाचायची होती. त्याने ती घडी करून मला परत दिली, तुमच्याकडेच राहू दे म्हणाला. त्याच संध्याकाळी ह्यांच्या फाइलवर सही झाली. ह्यांनी येताना जिलेबी आणली. मी खाल्ली नाही, डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले.

मला वाटलं होतं, निदान बाबांना यातलं काही कळायचं नाही. ते ट्रे मागत नव्हते. मी जायची, चहा व्हायचा, मुंबईतल्या दुकानाच्या त्याच त्या गोष्टी व्हायच्या. सुटले बाई, असं वाटायचं आणि असं वाटल्याबद्दल स्वतःचाच राग यायचा.

मागच्या शनिवारी गेले तर बाबा खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत, मांडीवर जाडजूड गुळगुळीत पुस्तक, उजव्या हातात भिंग. लिलावघराचा कॅटलॉग! त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या यादीत बाबांचं नाव, म्हणून नेहमीसारखा कुरियरने पाठवून दिलेला. ड्रायव्हरने आणून सरळ त्यांच्या मांडीवर ठेवला. लिलाव पुढच्या महिन्यात. नर्स कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होती, मुलगा बाहेर फोनवर बोलत होता. आता ओळखतील, आता ओरडतील, अशी मी वाट बघत उभी राहिले.

"आ जा, आ जा," बाबा म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं खुश बघितलं नव्हतं. "देख, क्या माल है! कोई हमारे इधर का ही आदमी है." नाव कुठेच नव्हतं, नुसतं 'आखातातील एका खासगी संग्राहकाची नाणी' असं छापलेलं. त्यांनी पुतळीच्या फोटोवर भिंग धरलं आणि खालची इंग्रजी ओळ अक्षर अक्षर लावत वाचली. माझ्या चिठ्ठीची ओळ. "बसरा से लिया, सोनार से," ते म्हणाले. "मेरे जैसा पागल होगा ये भी."

मी हो म्हटलं.

मी त्यांना आणखी चार पानं उलटून दिली. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. "इतना प्यार से जमाया," ते म्हणाले, "फिर बेचा क्यों?" आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. सांग ना, मी स्वतःला म्हणत होते, अगं सांग, निदान आता तरी. पण सांगितलं असतं तर बाबांना पुन्हा पहिल्यापासून सगळं गमवावं लागलं असतं, आणि तासाभराने विसरून त्यांनी पुन्हा हेच पुस्तक उघडलं असतं.

"मर गया होगा बेचारा," शेवटी त्यांनीच उत्तर दिलं. "जिंदा आदमी ऐसा नहीं बेचता."

त्यांनी चालतो तो एक हात छातीपुढे उघडा धरला, डोळे मिटले आणि त्या गेलेल्या माणसासाठी अरबीत दुवा मागितली. मागून झाल्यावर डोळे उघडून मला म्हणाले, "तू भी बोल कुछ. तेरे तरीके से."

मी त्यांच्यासमोर हात जोडले.