सीपीयूमधली चिंचिं आणि बाबांचे कान

भूत, भानामती, पांढरी साडी वगैरे ज्यांना हवंय त्यांनी इथूनच मागे फिरा. माझ्याकडे त्यातलं काही नाही. कुणी असला अनुभव सांगायला लागलं की "रात्री जेवला काय होतास?" असं विचारणारा मी माणूस. बायको म्हणते, तुझ्याशी बोलणं म्हणजे पोलीस चौकीत जबाब देणं. तर असल्या माणसाच्या घरात हे घडलं.

राहतो भिवंडीजवळ, शेलारला. पुढे आमचं घर, मागे भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना. दिवसभर खटखट. माझा धंदा बॅनर डिझाइनचा — वाढदिवस, हळद, श्रद्धांजली — सगळं घरातल्याच कॉम्प्युटरवर. बाबांचं आयुष्य लूमवर गेलं आणि लूमने त्यांचे कान खाल्ले. पूर्ण. हळदीत डीजेपुढे माणूस शांतपणे जेवत बसतो. कानाचं मशीन लावून पाहिलं, डॉक्टर म्हणाले नस मेलीय, उपयोग नाही. आम्ही हातवाऱ्यांनी बोलतो. लूमवर सगळे तसेच बोलतात, त्यामुळे आमचं काही अडत नाही.

अडतं एकाच ठिकाणी. माझी मुलगी स्वरा झाली तेव्हा बाबांचे कान आधीच गेले होते. नातीचा आवाज त्यांनी कधी ऐकलेलाच नाही. ती बडबडायला लागली की नुसते तिच्या तोंडाकडे बघत बसतात, आणि मग रूपालीला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारतात, "कुनासारखा हाय गो आवाज?" रूपाली दर वेळी खुणेने सांगते — आईंसारखा. म्हणजे माझ्या गेलेल्या आईसारखा. मग बाबा खूश.

तर उन्हाळ्यात कॉम्प्युटर आवाज करायला लागला. बारीक चिंऽऽ, आणि माउस हलवला की चिरचिर. डोकं उठलं माझं. स्पीकर काढले — आवाज तसाच. मॉनिटर बंद केला — तसाच. यूपीएस काढून थेट भिंतीतल्या बोर्डात लावला, फॅन पेन्सिलने अडवून थांबवला... तसाच! सीपीयूच्या कॅबिनेटला कान लावून शिव्या घालत बसलो होतो.

तेवढ्यात ओट्यावर पडलेले बाबा आत आले. कपाळाला आठ्या.

"बंद कर ना रं ते. कवापासून चिंचिं लावलंय."

रूपाली पीठ मळत होती, तिचे हात परातीतच थांबले.

दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. मी पुरावा मागितला. फरशीतून कंपन जात असेल म्हणून कॅबिनेट गादीवर ठेवलं. बाबांना अंगणात, घराकडे पाठ करून बसवलं. रूपाली दारात. ठरलं असं, की आवाज आला की बाबांनी बोट वर करायचं. मी आत माउस हलवला, थांबलो, पुन्हा हलवला. दर वेळी बोट बरोबर वर, थांबलो की खाली. मग रूपालीला माउसवर बसवून मी स्वतः अंगणात उभा राहिलो. मागच्या खटखटीत मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. आणि बाबांना ती खटखट ऐकू येत नव्हती, फक्त हे!

बाबा रडले. "कान मेला न्हाय म्हंजे," म्हणाले. आणि लगेच, "पोरीला बोलव."

स्वराला मांडीवर घेतलं. ती "आबा! आबा!" करून कानात ओरडली. बाबा डोळे मिटून थांबले. बराच वेळ थांबले. "आजून न्हाय," म्हणाले, "येईल पन." तेव्हापासून रोज दुपारी कॅबिनेटशेजारी खुर्ची टाकून नातीला घेऊन बसायला लागले. मला काम करू देईनात, पण बोलणार कोण?

कॅबिनेट मांडीवर घेऊन शेअर रिक्षाने डॉक्टरांकडे गेलो, बाबांना घेऊन. तिथे कॉम्प्युटर चालू केला तर चिडीचूप. बाबांचे कान पुन्हा तपासले — शून्य. डॉक्टर भला माणूस, हसला नाही. म्हणाला, "इतका बारीक, उंच पट्टीतला आवाज तर लूमवाल्यांना सगळ्यात आधी ऐकू येईनासा होतो. पण एक जरी आवाज खरंच येत असेल, तर तो नेमका कुठला ते शोधून आणा. मग पुढचं बघू."

घरी आणून लावला. चिंऽऽ! बाबांनी टाळी वाजवली.

मग धामणकर नाक्यावरच्या अल्ताफला बोलावलं, माझे कॉम्प्युटर नेहमी तोच दुरुस्त करतो. बजावून सांगितलं, आवाज बंद करायचा नाही, कुठल्या पार्टमधून येतो तेवढंच शोधायचं. "समझ गया भाई," म्हणाला आणि कॅबिनेट अंगणात घेऊन बसला. मी चहाचं सांगायला आत गेलो.

आता, भिवंडीत कुठलंही मशीन उघडा, आत लूमच्या कापसाचं तूस गच्च भरलेलं असतं. त्यामुळे इथला कुठलाही मेकॅनिक उघडल्या उघडल्या पहिलं काय करतो, तर ब्लोअर मारतो. विचार करून नाही, हातच जातो. फर्रर्र आवाज आला आणि मी धावलो. अंगणभर पांढरा कापूस उडत होता आणि स्वरा त्यात नाचत होती.

लावला. चिडीचूप. बाबा दारात उभे. "लाव की रं," म्हणाले. लावलाय हो, मी हाताने सांगितलं.

अल्ताफला नाही नाही ते बोललो. "भाई, सिर्फ कचरा निकाला. दुसऱ्या कशाला हात नाय लावला, अम्मी की कसम!" मग सांगायला लाज वाटते, पण मी अंगणातलं तूस वेचलं. कमी पडलं म्हणून कारखान्यातून पिशवी भरून आणलं आणि बोटांनी कॅबिनेटमध्ये कोंबलं. अल्ताफ बिचारा माझ्याबरोबर कोंबत होता. म्हणाला, "कचरा वापस मांगनेवाला गिऱ्हाईक पहली बार देखा." कुणी हसलं नाही. पुढे कार्ड बदललं, यूपीएस बदलला, शेजाऱ्यांकडून वायर ओढून त्यांच्या लाइनवर लावून पाहिला. नाही म्हणजे नाही.

काही दिवसांनी पुन्हा बाबांना अंगणात बसवलं. मी माउस हलवला. माझ्या कानाला काही नव्हतं, पण रूपाली दारातून ओरडली, "बोट वर केलं हो!" पुन्हा हलवला. पुन्हा वर. म्हटलं, आपल्याला नसेल, त्यांना येत असेल! मी वेड्यासारखा नाचलो.

आणि मग माझा मेला स्वभाव. मी प्लगच काढला. रूपालीला खूण केली, बघ आता.

बोट वर.

रूपाली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघून बाबांनी हात खाली घेतला. "ऱ्हाऊ दे गो. त्याला नको सांगू. लय धावपळ केली त्यानं." त्यांच्या मते ते कुजबुजले होते. बहिऱ्या माणसाची कुजबुज... मला आत सगळं ऐकू आलं.

अल्ताफ म्हणतो, आतली एखादी कॉइल वाजत होती. असेल, पण कॉइलचा आवाज मेलेल्या नसेला कसा कळला? डॉक्टर आता भास म्हणतात. माउसच्या तालावर होणारा भास कसला, ते सांगत नाहीत. मला तरी काही कळलेलं नाही, आणि मी शोधणंही सोडलंय.

तुमच्यात कुणी जाणकार असेल तर कारण जरूर लिहा. फक्त घरी येऊन बघतो असं म्हणू नका. दारात पाना-पकडीची बॅग घेतलेला माणूस दिसला की बाबा कॅबिनेटशेजारी खुर्ची ओढतात आणि स्वराला हाक मारतात.