आपल्या आधी जाणारं काहीतरी

अक्काला मी शेवटचं पाहिलं ते हॉस्पिटलमध्ये, दुपारच्या भेटीच्या वेळेत. नाकातली नळी सारखी करत तिने विचारलं, "तुझं बीपी कसं असतं रे हल्ली?"

"ठीक आहे. माझं काय काढतेस आता?"

"गोळी चुकवत नाहीस ना?"

"नाही गं."

तिचा चेहरा सैलावला. एवढ्या दुखण्यात बहिणीला धाकट्या भावाची काळजी, म्हणून मला भरून आलं... संध्याकाळी फोन आला. तिच्या प्रश्नाचा खरा अर्थ मला नंतर तिच्या घरी, पिंजऱ्यापुढे उभं राहिल्यावर कळला.

शोकसभेत सोसायटीच्या अध्यक्षांनी तिला 'थोर प्राणिमित्र' ठरवून टाकलं. अक्का मांजरांना घाबरायची आणि गाईला पोळी लांबूनच टाकायची. याच अध्यक्षांनी एकदा तिला जिन्यात अडवून विचारलं होतं, "ताई, लोक उंदीर मारायला पिंजरा आणतात, तुम्ही पाळायला?" अक्का म्हणाली, "तुमच्या पिंजऱ्यात सापडतात कुठे? माझे निदान जागेवर असतात."

त्याचं असं झालं. माझे भाऊजी सातपूरच्या एका कारखान्यात फोरमन होते. ते अचानक गेले आणि त्यांचा कुत्रा मागे राहिला. शिफ्ट सुटून स्कूटरी यायला लागल्या की तो दाराशी जाऊन बसायचा. त्याने खाणं सोडलं. अक्काने हाताने दूधभात भरवून पाहिला, पण तोही गेला. त्यानंतर तिला घर खायला उठायचं, सोबत हवीशी वाटायची, पण आपल्यामागे कुणी असं दाराशी बसून राहील याचा तिने धसका घेतला होता. शेवटी मीच तिला इगतपुरीच्या वाटेवर, सोडून दिलेल्या प्राण्यांना सांभाळणाऱ्या एका निवाऱ्यात घेऊन गेलो. तिथल्या मुलीने एक मांजर पुढे केलं. अक्का दोन पावलं मागे सरून म्हणाली, "किती जगतं हे?" "पंधरा वर्षंसुद्धा जगतं, मावशी." "मग नको. माझ्या आधी जाईल असं काही आहे का?" मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. मग तिने कोपऱ्यातला पिंजरा दाखवला. बंद पडलेल्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून आणलेले दोन पांढरे उंदीर, दोन्ही माद्या. "दोन-तीन वर्षं जगतात. पण दोघींना न्यावं लागेल, एकटीला करमत नाही." उंदीर रीतसर समारंभात दत्तक मिळाले. शाल, नारळ, फोटो. फोटोत प्रमुख पाहुणे भूतदयेवर बोलताहेत आणि पिंजऱ्यापासून हातभर लांब उभे आहेत.

नाव ठेवलं की जीव जडतो म्हणून अक्काने नावं ठेवलीच नाहीत. नुसतं थोरली आणि धाकटी म्हणायची. जीव जडायचा तो जडलाच. स्वतःच्या चांगल्या स्वेटरची एक बाही कापून तिने पिंजऱ्यात टांगली, आत दोघी झोपायच्या. सोसायटीत उंदरांचं औषध टाकलं की ही दिवसभर खिडक्या लावून घामाघूम बसायची. पुढे थोरलीच्या पोटाशी गाठ आली आणि ती गेली. अक्का रडली, मग डोळे पुसत म्हणाली, "चला, एक घोर मिटला." धाकटी मात्र जायचं नाव घेईना, आणि तोवर अक्काचं हृदय कुरकुरायला लागलं होतं. जन्मभर पथ्याला हसणाऱ्या बाईने लोणचं सोडलं, पापड सोडले, सकाळी चालायला जायला लागली. मी डॉक्टरांचं कौतुक केलं तर म्हणाली, "त्यांच्यासाठी नाही रे, हिच्यासाठी. हिच्यापेक्षा एक दिवस जास्त काढला की झालं."

तेवढा एक दिवस तिला मिळाला नाही.

धाकटी आता माझ्याकडे असते. एकटीला करमत नाही म्हणून पिंजरा माझ्या लिहायच्या टेबलावरच ठेवलाय. मागचे पाय ओढत चालते, भिजवलेल्या पोळीचा तुकडा दोन्ही हातांत धरून सावकाश खाते. पिंजऱ्याबरोबर अक्काचा स्वभावही आला असावा, कारण चहाआधी मी त्या बाहीकडे बघतो. हलली की मग गॅस पेटवतो. परवा ती हलली नाही. बोट लावून पाहिलं. हाक काय मारायची तेही सुचेना... "धाकटे," म्हणालो, "अगं धाकटे..." खूप वेळाने बाहीच्या तोंडाशी गुलाबी नाक आलं, मिशा थरथरल्या.

मी कपाटातून गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली.